व्हॅम्पायर लार्पमधली पत: कमवायची कशी, खर्चायची कशी, गेली तर परत आणायची कशी

व्हॅम्पायर लार्पला (लार्प म्हणजे 'लाइव्ह अ‍ॅक्शन रोल-प्ले', वेष करून एखादं पात्र जगत खेळायचा खेळ) पहिल्यांदा जाणारा माणूस प्लॅस्टिकचे सुळे विकत घेतो, काळा कोट शोधतो आणि आपल्या पात्राच्या अंगी कोणत्या शक्ती आहेत ते तोंडपाठ करून जातो. तिथे पोचल्यावर कळतं की सुळे लावून नीट बोलता येत नाही, कोटात उकडतं आणि शक्ती वापरायची वेळ रात्रभर येतच नाही. चार-पाच तास चालतं ते वेगळंच. कोण कुणाला आधी नमस्कार करतं, कुणाच्या बोलण्यात कोण तोंड घालू शकतं, कुणी भुवई उंचावली की कुणाला गप्प बसावं लागतं. थोडक्यात, मानपान. विहिणीच्या साडीवरून झालेलं रामायण ज्याने जवळून पाहिलंय त्याला हा खेळ अर्धा आधीच येतो. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. 'व्हॅम्पायर: द मास्करेड' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ अमेरिकेत व्हाइट वुल्फ कंपनीने 1991 मध्ये काढला. तोच उभ्याने, वेष करून, एखाद्या हॉलभर फिरत खेळायचा अवतार 1993 मध्ये 'माइंड्स आय थिएटर' या नावाने आला. त्यात फासे नाहीत. वाद झाला की दगड-कागद-कात्री. संहिता नाही, प्रेक्षक नाहीत. सगळेच नट आणि एक-दोन स्टोरीटेलर, म्हणजे पंच, सूत्रधार आणि निसर्ग तिन्ही एकत्र. कथा आजच्या काळातल्या एखाद्या शहरात घडते. तिथले व्हॅम्पायर माणसांपासून लपून राहतात आणि 'कॅमरिला' नावाच्या संघटनेचे कायदे पाळतात. कथेत ही संघटना पंधराव्या शतकात उभी राहिली. तिचे कित्येक सदस्य दोनशे-तीनशे वर्षांचे आहेत. मरण येत नाही, पैसा कमी पडत नाही, मग भांडायला उरतं काय? एकमेकांच्या नजरेतली जागा.

इंग्रजीत याला 'स्टेटस' म्हणतात. मी मुद्दाम 'पत' म्हणतेय. दर्जा किंवा हुद्दा म्हटलं की ती वस्तू आपल्या खिशात असल्यासारखी वाटते. पत असते ती बाजारात, दुसऱ्यांच्या तोंडी. पात्राच्या कागदावर लिहिलेला आकडा म्हणजे फक्त बाजाराने काल लावलेला भाव.

पायरी 1: जाण्याआधी स्टोरीटेलरला विचारायच्या गोष्टी

पहिला प्रश्न: नियम कोणत्या आवृत्तीचे? जुन्या आवृत्त्यांत पत विशेषणांमध्ये मोजतात. 'मान्यताप्राप्त', 'आदरणीय', 'विश्वासू', 'वचक असलेला', अशी जितकी विशेषणं तुमच्या नावापुढे, तितकी तुमची पत. नवख्याकडे बहुधा एकच असतं, 'मान्यताप्राप्त'. म्हणजे शहराच्या धन्याने, प्रिन्सने, तुम्हाला शहरात राहायला हरकत घेतलेली नाही, एवढंच. बाय नाइट स्टुडिओजने 2013 मध्ये काढलेल्या आवृत्तीत पतीचे तीन प्रकार केले: पदाबरोबर येणारी आणि पदाबरोबर जाणारी, पात्राच्या अंगचीच असलेली, आणि कुणीतरी दिलेली, काही काळाने संपणारी. शिवाय तिथे पत जवळ असण्याचा एक फायदा आणि ती खर्च केल्यावर मिळणारा वेगळा फायदा, अशी दुहेरी मांडणी आहे. जुनी आवृत्ती पाठ करून नव्या खेळात गेलात तर रात्रभर गोंधळाल.

दुसरा प्रश्न: पत द्यायचा आणि काढायचा अधिकार कुणाला? काही गटांत फक्त प्रिन्सला, काही ठिकाणी प्रायमोजनांच्या सभेला, बऱ्याच ठिकाणी हार्पीला. हे शब्द पुढे येतीलच.

तिसरा: कुणाची किती पत आहे हे सगळ्यांना माहीत असतं, की विचारून काढावं लागतं? चौथा प्रश्न लोक विसरतात आणि मग महिनाभर चडफडतात. दोन खेळांच्या मधल्या काळात संदेशांमधून केलेले व्यवहार धरतात का?

पायरी 2: पात्र बेतताना

वयाप्रमाणे चार पायऱ्या असतात. नुकताच व्हॅम्पायर झालेला आणि अजून आपल्या 'सायर'च्या, म्हणजे ज्याने त्याला घडवलं त्याच्या पदराखाली असलेला फ्लेजलिंग. मोकळा झालेला निओनेट. शतकभर टिकून राहिलेला अँसिला. आणि एल्डर. कॅमरिलाच्या सहा परंपरांपैकी चौथी सांगते की सायर आपल्या पिल्लाला मोकळं करेपर्यंत त्याच्या प्रत्येक चुकीला जबाबदार असतो. त्यामुळे फ्लेजलिंगला स्वतःची पत नसतेच. तो चुकला की सायरची कापली जाते. पहिल्या खेळाला हे पात्र फार सोयीचं. चुका करायला मोकळीक, आणि सायरचं पात्र करणारा अनुभवी खेळाडू स्वतःच्या गरजेपोटी तुम्हाला शिकवत राहतो. पोरगा नापास झाला तर मास्तरचीच अब्रू जाते ना.

कुळाचा परिणाम पतीवर होतोच. व्हेंट्रूंना सत्तेची सवय, टोरेडोरांना दरबाराची. ट्रेमियर जादू जाणतात म्हणून त्यांच्याशी सगळे गोड बोलतात आणि विश्वास कुणीच ठेवत नाही. नॉसफेराटू दिसायला भयंकर, पण शहरातली प्रत्येक बातमी आधी त्यांच्याकडे येते. ज्याला कुळच नाही तो केटिफ. त्याला दारातच नाक मुरडून घेतात. केटिफ करणं नाट्यमय वाटतं, पण पहिल्याच खेळाला करू नका. कुणी बोलायलाच तयार नसेल तर पाच तास भिंतीला टेकून उभं राहावं लागतं.

पात्राला गुण देताना पतीवर फार खर्च करू नका. कागदावर विकत घेतलेली पत निभवायला जे वागणं लागतं ते नवख्याकडे नसतं, आणि दरबाराला ते दहा मिनिटांत कळतं. त्याऐवजी इतरांना हवं असलेलं काहीतरी पात्राकडे ठेवा: पोलीस खात्यातली ओळख, शवागाराची किल्ली, जुन्या नकाशांचं वेड, काहीही.

पायरी 3: हजेरी

परंपरांमधली पाचवी पाहुणचाराची. दुसऱ्याच्या शहरात पाऊल ठेवलंत की आधी तिथल्या प्रिन्ससमोर जाऊन आपली ओळख द्यायची. ती होईपर्यंत तुम्ही कुणीच नाही. तुम्हाला मारलं तरी फारसं कुणी विचारणार नाही.

मी अमेरिकेत शिकत असताना पहिल्या खेळाला गेले आणि थेट एका रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. चांगली मऊ खुर्ची होती, दिवसभर प्रयोगशाळेत उभी राहून पाय दुखत होते. खोलीतलं बोलणं थांबलं. ती शहरातल्या सगळ्यात जुन्या प्रायमोजनची, म्हणजे एका कुळातल्या वडीलधारीची, खुर्ची होती आणि त्या बाई माझ्यामागेच उभ्या होत्या. मी दचकून उठले, तर त्या म्हणाल्या, "बसा, बसा. तुम्ही बहुधा माझ्यापेक्षा मोठ्या असाल." (खेळ इंग्रजीत होता, संवाद मी मराठीत देतेय.) खोली हसली. माझ्या पात्राची 'मान्यता' अजून मिळायचीच होती, ती तीन खेळ लांबली.

तर क्रम असा ठेवा. आत शिरल्यावर दाराजवळच थांबा. तिथे किपर ऑफ एलिसियम, म्हणजे त्या जागेची शांतता राखणारा, असेल किंवा त्याचा कुणी माणूस. त्याला सांगा की मी नवीन आहे, प्रिन्सपुढे हजर व्हायचंय. तो बोलावेपर्यंत बसू नका, शस्त्र असल्याचं नाटकातही दाखवू नका, कुणाशी स्वतःहून लांब बोलू नका. ओळख करून देणारा कुणी मिळाला तर उत्तम. तो आपली पत तुमच्यासाठी टांगणीला लावतोय, हे ध्यानात ठेवा. पुढे या उपकाराची आठवण करून दिली जाईल.

समोर गेल्यावर पाच गोष्टी सांगायच्या: नाव, कुळ, सायरचं नाव, कुठून आलात, इथे का आलात. वीस सेकंदांत. उदाहरणार्थ: "मी एलेनॉर, व्हेंट्रू कुळातली. माझे सायर बॉस्टनचे. आपल्या शहरात राहण्याची परवानगी मागायला आले आहे, आणि आपले कायदे माझे म्हणून पाळीन." एवढंच. पात्राचं दोनशे वर्षांचं चरित्र तुम्ही रात्र जागून लिहिलेलं असतं, ते इथे ऐकवायचा मोह होतो. ऐकवू नका. ते माहीत करून घ्यायची इच्छा दुसऱ्याला झाली की तिथूनच तुमचा भाव वाढायला लागतो.

पायरी 4: कोण कोण आहे

प्रिन्स म्हणजे शहराचा धनी. हे पद आहे, राजपुत्र नव्हे, आणि बाई असली तरी प्रिन्सच. सेनेशल त्याचा कारभारी. शेरीफ कायदा राबवतो, स्कर्ज परवानगीवाचून घडवलेल्यांना हुडकून संपवतो. प्रायमोजन म्हणजे एकेका कुळाची वडीलधारी मंडळी. बाहेरून कधी आर्कॉन आला तर प्रिन्ससुद्धा सावरून बसतो, कारण तो जस्टिकारचा, म्हणजे कॅमरिलाच्या बड्या न्यायाधीशाचा, माणूस आणि जस्टिकार कुणा एका शहराला बांधलेला नसतो. ही माहिती कुठेही मिळेल.

नवख्याने नजर ठेवायची ती दोघांवर. पहिला किपर. 'एलिसियम' म्हणजे जिथे हिंसा, शस्त्र आणि शक्तींचा वापर बंद अशी जागा. संग्रहालय, नाट्यगृह, कलादालन असं काहीतरी. तिथली शांतता किपरच्या हवाली असते. बहुतेक खेळ एलिसियममध्येच चालतो, म्हणजे तुमचा निम्मा जीव या माणसाच्या हाती.

दुसरी हार्पी. पुरुषही असतो, पण शब्द हार्पीच. हिच्याकडे सैन्य नसतं, जमीन नसते. हिचं काम लक्षात ठेवणं आणि बोलणं. कुणी कुणाला काय देणं लागतो, कुणी शब्द मोडला, कुणाची वेळ भरत आलीय. आपल्याकडे लग्नघरात एक काकू आहेराची वही घेऊन बसलेल्या असतात: कुणाचं पाकीट, आत किती, शेजारी पातेलं की नुसता नारळ. दहा वर्षांनी त्यांच्या घरचं कार्य निघालं की ती वही उघडते. हार्पी म्हणजे ती वही, फक्त तिला शंभर वर्षं जुनी पानंही आठवतात आणि ती पानं ती भर सभेत वाचून दाखवते.

पायरी 5: ऋण

इथे जरा रेंगाळू या, कारण पतीचा सगळा बाजार यावर चालतो.

कॅमरिलात पैशाला किंमत नाही. चलन आहे उपकाराचं. इंग्रजीत 'बून', मी ऋण म्हणते. त्याच्या पाच पायऱ्या. क्षुल्लक: कुणाशी ओळख करून दिली, एका रात्रीपुरतं आपल्या भागात शिकार करू दिली. लहान: उपयोगाची बातमी, दिवसभराचा आसरा. मोठं: ज्यात तुमचं स्वतःचं बरंच काही गुंतलं, वेळ, माणसं, धोका. रक्ताचं: दुसऱ्यासाठी तुम्ही स्वतःचं अंग पुढे केलंत. आणि प्राणाचं: त्याला कायमच्या मरणातून ओढून काढलंत. फेड त्याच तोलाची करायची. लहान ऋणाच्या बदल्यात कुणी प्राणावर बेतणारं काम सांगितलं तर नाही म्हणता येतं, आणि तसं मागणाऱ्याचीच शोभा होते.

आता एक व्यवहार सुरुवातीपासून पाहू. माझं दुसरं पात्र नॉसफेराटू होतं. एका व्हेंट्रूचा माणूस-नोकर रक्त पिताना रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात सापडलाय हे मला कळलं. हे प्रकरण बाहेर फुटलं असतं तर पहिली परंपरा, म्हणजे माणसांपासून लपण्याची, मोडल्याबद्दल त्या व्हेंट्रूचं डोकंच गेलं असतं. मी त्याला कोपऱ्यात गाठून सांगितलं. तो म्हणाला, "फार आभारी आहे." आणि गेला.

संपलं. मला काहीही मिळालं नाही. आभार फुकट असतात. ज्या ऋणाचं नाव घेतलं नाही ते ऋणच नाही.

पुढच्या खेळात तसाच प्रसंग आला तेव्हा मी बातमी सांगण्याआधी थांबले. "एक गोष्ट कानावर आलीय, तुमच्या कामाची आहे. लहान ऋण समजायचं का?" तो हसला, म्हणाला, "आधी ऐकू तर द्या." मी म्हटलं, "ऐकल्यावर ती तुमची होईल." ही घासाघीस करायला लाजू नका, कारण घासाघीस म्हणजेच खेळ. तो 'लहान'ला तयार झाला. मग तिसरं काम केलं, जे नवखे हमखास विसरतात. आम्ही दोघं हार्पीकडे गेलो आणि मी तिच्यासमोर ते बोलून दाखवलं: कुणी, कुणाला, केवढं, आज. कशाबद्दल ते सांगितलं नाही. सांगावं लागत नाही. तिने मान डोलावली. आता ते नोंदलं गेलं.

दोन खेळांनंतर त्याच व्हेंट्रूशी उभं वैर असलेल्या टोरेडोर प्रायमोजन माझ्याकडे आल्या. त्यांना ते ऋण हवं होतं. ऋण विकता येतं, दुसऱ्याच्या नावावर करता येतं, हे इथल्या अर्थकारणाचं मर्म. मी मोबदला म्हणून दुसरं ऋण मागितलं नाही. म्हटलं, पुढच्या दरबारात माझं नाव घ्या, चांगल्या कारणाने. त्या खूश झाल्या, कारण त्यांना ते स्वस्त वाटलं. त्यांनी भर सभेत प्रिन्सला सांगितलं की गेल्या महिन्यात शहर लपलेलं राहिलं त्यात या नॉसफेराटूचा हात होता. माझ्या कागदावर 'विश्वासू' हे विशेषण त्या रात्री चढलं. आणि व्हेंट्रूला कळलं की आपण आता आपल्या शत्रूचे देणेकरी आहोत. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती विकत घेता आली असती तर मी फ्रेम करून लावली असती.

यातली पत कुणी दिली? स्टोरीटेलरने काहीच केलं नाही. एका मोठ्या तोंडातून एका लहान माणसाचं नाव, साक्षीदारांसमोर, निघालं. पत मिळवायची वाट बहुतेक वेळा हीच. म्हणून कुणी उपकार फेडायला आलं की दरवेळी कामच मागू नका. कधी कधी नुसतं नाव घ्यायला सांगा.

पायरी 6: खर्च

जमवून ठेवलेली पत लोक विसरतात. वापरायच्या नेहमीच्या वाटा तीन.

हमी: नवीन कुणी आलं आणि प्रिन्सने विचारलं, "याच्यासाठी कोण उभं राहतंय?", तर तुम्ही राहा. तो सरळ वागला तर त्याचं ऋण तुमच्याकडे. नाही वागला तर तुमची पत कापली. ओळखीपाळखीशिवाय हमी घेणारा एक तर फार हुशार असतो किंवा पुढच्या महिन्यात दिसत नाही.

आरोप: मोठ्या पतीच्या माणसाने लहानाला खोटारडा म्हटलं तर दरबार बहुतेक मोठ्याचंच मानतो. उलट लहानाला मोठ्यावर बोट ठेवायचं असेल तर त्याने आपली पत पणाला लावायची. खरं ठरलं तर मोठ्याची जाते, खोटं ठरलं तर याची. यातले आकडे गटागटात वेगळे, पण तत्त्व सगळीकडे तेच. नवख्याने असा आरोप स्वतःच्या तोंडाने करूच नये. पुरावा घेऊन त्या माणसाच्या शत्रूकडे जावं आणि ऋण नोंदवून घ्यावं.

तिसरी वाट अपमान. एलिसियममध्ये हात उचलता येत नाही, म्हणून सगळी मारामारी जिभेने. शिवी देणारा हरतो. मारायचे ते शालजोडीतले. माझ्या आवडीचं वाक्य एका हार्पीने एका गर्विष्ठ अँसिलाला ऐकवलं होतं: "हा कोट तुम्हाला किती शोभतो! मागच्या वेळीही शोभला होता. त्याच्या मागच्या वेळीही." यात धरायला काही नाही, प्रशंसाच आहे. तो चिडला असता तर हसं त्याचंच झालं असतं. कसोटी ही: तुमचं वाक्य जसंच्या तसं प्रिन्सला वाचून दाखवलं तर त्यात गुन्हा सापडू नये, आणि तरी खोलीतल्या प्रत्येकाला कळावं.

पायरी 7: पत गेली तर

जाण्याची कारणं ठरलेली. एलिसियम मोडणं. माणसांसमोर उघडं पडणं. पिल्लाने घातलेला गोंधळ. चुकीच्या बिरुदाने हाक मारणं हेसुद्धा, विशेषतः एल्डरला. पण सगळ्यात वाईट म्हणजे नोंदलेलं ऋण नाकारणं. बाकीच्या चुका विसरल्या जातात. ऋण बुडवणाऱ्याशी नंतर कुणी व्यवहारच करत नाही, मग तो प्रिन्स का असेना.

पत गेली की पहिला तास गप्प बसा. नवखा लगेच बाजू मांडायला धावतो आणि जेवढं गेलं त्याच्या दुप्पट घालवतो. मग भरपाई विचारा, तीही चारचौघांत: "माझ्याकडून चूक झाली. काय केलं म्हणजे फिटेल?" हे विचारणाऱ्याला बहुधा एखादं किळसवाणं काम मिळतं. ते करा, आणि केल्याचं स्वतः सांगत फिरू नका. ज्याने काम दिलं त्याला सांगू द्या. खुर्चीच्या प्रकरणानंतर मला त्या प्रायमोजन बाईंच्या मागे तीन खेळ उभं राहावं लागलं होतं, त्यांची शाल हातावर घेऊन. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक माणूस मला दिसला आणि त्यांनी कुणाला किती वेळ दिला तेही. पुढे मी जे काही केलं त्याची अर्धी माहिती त्या शालीखाली गोळा झाली होती.

अपमान झाला म्हणून पात्र मारून नवं करायची घाई करू नका. पडलेल्या पात्राकडेच सगळे कारस्थानं घेऊन येतात. ज्याला गमवायला काही उरलं नाही तो उपयोगाचा असतो.

पायरी 8: पात्र कुठे संपतं, माणूस कुठे सुरू होतो

हा भाग रुक्ष आहे आणि तरी सगळ्यात आधी वाचावा असा आहे. एकमेकांना स्पर्श नाही, खरी शस्त्रं नाहीत, दारू किंवा नशा करून खेळायचं नाही, स्टोरीटेलरचा निर्णय शेवटचा. हाताचं चुंबन घ्यायचा प्रसंग कथेत आला तरी आधी खेळाडूला विचारायचं. बोटांवर बोट चढवून हात वर धरला की तो माणूस खेळाबाहेर आहे. त्याने ऐकलेलं पात्राने ऐकलेलं नसतं. छातीवर दोन्ही हात आडवे घेऊन चालणारा बहुधा अदृश्य आहे, म्हणजे तुम्हाला तो दिसत नाहीये. पहिल्या रात्री मी अशा एकाला "काय, थंडी वाजतेय का?" विचारलं होतं.

पण पतीच्या खेळात दुखापत होते ती वेगळीच. चार तास सगळ्यांनी तुम्हाला तुच्छ लेखलं तर घरी जाताना ते पात्राला लेखलं हे डोक्याला कळतं, पोटाला कळत नाही. लार्पवाल्यांत याला 'ब्लीड' म्हणतात, रंग एका कपड्याचा दुसऱ्याला लागावा तसं. माझा नियम साधा: ज्याचा भर सभेत पाणउतारा केला त्याला खेळ संपल्यावर पहिलं शोधायचं आणि विचारायचं, "मजा आली ना? जास्त झालं का?" 'जास्त झालं' म्हणाला तर पुढच्या खेळात सूर बदलायचा. त्या खुर्चीवाल्या बाईंनी मला त्या रात्री जवळच्या उपाहारगृहात स्वतःच्या पैशाने पॅनकेक खाऊ घातले होते.

उलटी गळतीही असते. बाहेर जो लोकप्रिय, ज्याच्या गाडीतून सगळे घरी जातात, त्याच्या पात्राला आत पत फुकट मिळते. खेळ चालवणाऱ्याने इथे कडक राहायला हवं. प्रत्येक वेळी पत देताना किंवा काढताना कारण एका ओळीत लिहून ठेवायला लावा, खेळातल्या घटनेसकट. "तो मस्त बोलतो" हे कारण चालणार नाही.

पायरी 9: मराठीत खेळायचं तर

हे माझं खूळ आहे, पण मित्रमंडळींत दोनदा करून पाहिलंय. इंग्रजीत 'यू' एकच, म्हणून तिथे पत दाखवायला बिरुदं आणि विशेषणं लागतात. आपल्याकडे 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' आयतेच आहेत. नियम इतकाच ठेवा: आपल्याहून वरच्याला 'आपण', बरोबरीच्याला 'तुम्ही', खालच्याला 'तू', आणि ज्याने चुकवलं त्याला हार्पी टोकू शकते. मग कागदावर आकडे ठेवायची फारशी गरजच उरत नाही. आमच्या खेळात प्रिन्सने शेरीफला तासभर 'तुम्ही' म्हटलं आणि मग शांतपणे विचारलं, "तू काल रात्री कुठे होतास?" शिक्षा काय ते पुढे आलंच, पण शेरीफ पडला तो त्या 'तू'वर. सगळी खोली फिरून त्याच्याकडे बघायला लागली. पुढच्या पाच मिनिटांत दोन निओनेट त्याला 'अरे' म्हणून मोकळे झाले.

उलट बाजूही वापरता येते. बरोबरीच्याला एकदम 'आपण' म्हणायला लागा. त्याला समजत नाही की हा मान आहे की टोमणा. अडचण एकच. जवळचे मित्र विसरून 'अरे यार' करतात. त्याला पहिल्या दोन चुका माफ, तिसरीला क्षुल्लक ऋण, हार्पीच्या नावे. आमची हार्पी त्या रात्री शहरातली सगळ्यात श्रीमंत बाई होऊन गेली.

खेळ संपल्यावर

घरी जाऊन झोपण्याआधी वही काढा. माझ्या वहीत दर खेळाला तीन रकाने असतात: मी कुणाचं देणं लागते, माझं कोण देणं लागतो, आणि तिसरा, त्या वेळी जवळ कोण उभं होतं. पहिले दोन सगळे लिहितात. पण सहा महिन्यांनी कुणी "असं काही ठरलंच नव्हतं" म्हणालं की कामाला येतो तो तिसरा. नावं पात्रांची लिहा, बिरुदांसकट, आणि खाली तारीख घाला.